बिनविस्तवाची पेटी

लातूर वेगळा जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ खरवडून त्या जागी ‘लातूर’ रंगवणं चालू होतं. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही पडला नव्हता आणि नव्यातही नाही. नव्या कचेरीसाठी टाइपरायटर आले, ते देवदारी फळ्यांच्या भक्कम खोक्यांतून. टाइपरायटर मेजांवर गेले आणि खोकी मागच्या अंगणात उन्हात तडकत पडली. त्यांतलं एक धोंडप्पा मास्तरांनी शिपायाकडून रीतसर मागून घेतलं, सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधलं आणि हळूहळू चालत घरी आणलं.

धोंडप्पा त्रेसष्ट वर्षांचे. निजामाच्या अमलात हैदराबादच्या तांत्रिक महाविद्यालयात शिकले आणि नंतर तीस वर्षं मुलांना जोडारीचं काम शिकवलं. लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांत असे बसवायचे की मध्ये केसही शिरू नये, हे त्यांचं शास्त्र आणि हाच स्वभाव. गळ्यात इष्टलिंग, कपाळाला विभूती. बायको कमलम्मा बहात्तरच्या दुष्काळात गेली, तेव्हापासून घरात एकटे. खिचडी, पिठलं, भाकरी एवढं त्यांना येत असे आणि तेवढ्यावर अकरा वर्षं निघाली होती.

खोकं आणलं ते मात्र स्वतःसाठी नव्हतं.

भिंतीला भिंत लागून रहमतबीचं घर होतं. नवरा अजीज पिंजारी. त्याच्या माघारी गाद्या-रजया शिवून तिनं संसार ओढला. आता सत्तरीला टेकलेली. फाल्गुनात तिला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण जाताना भूकही बरोबर घेऊन गेला. मुलगा रियाज पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. पहाटे निघायचा तो दिवे लागल्यावर परतायचा. सून शहजादी बाळंतपणाला उदगीरला. म्हातारी दिवसभर खाटेवर एकटी. रियाज सकाळी काहीतरी रांधून ठेवी आणि संध्याकाळी तसंच झाकलेलं पाही.

सोमवारी डॉक्टर आले. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि रियाजला ओट्यावर घेऊन म्हणाले, “ताप संपला, आता उपास मारील. मऊ, सकस द्या. अंडं द्या, बटाटा द्या. शुक्रवारपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर दवाखान्यात आणा. पण आणायला उशीर झाला तर मला बोलू नका.”

आतून आवाज आला, “दवाखान्यात मी न्हाई येत. जायचं तर हितूनच जाईन!”

मास्तरही ओट्यावर होते. रियाजनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढा टँकर हाकणारा गडी, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. “काका, टँकर बंद ठेवू का? बारा खेडी बसलीत वाट बघत.”

“तू टँकरवर जा,” मास्तर म्हणाले. “जेवणाचं मी पाहतो.”

बोलून गेले आणि मग आपण काय बोललो ते त्यांना कळलं.

त्यांनी खाटेपाशी जाऊन विचारलं, “आपा, काय खावंसं वाटतंय?”

“कायबी न्हाई, मास्तर.”

“वाटलंच तर?”

रहमतबी छताकडे बघत म्हणाली, “दमाचे आलू-अंडे. अम्मी करायची. सकाळी चुलीवरून उतरून गरम राखंत पुरून ठेवायची, दुपारी काढायची. घाई केलेलं सालन माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई.”

राख कुठून आणायची? जळण नव्हतं. झाडं वाळली होती, ती लोकांनी आधीच तोडून नेली होती. रेशनचं रॉकेल आठवड्याला पुरवायचं म्हणजे स्टोव्ह फार वेळ पेटता ठेवता येत नसे. पण मास्तरांना हैदराबादचा उष्णतेचा तास आठवला. त्यांचे एक प्राध्यापक सांगत, की भांड्याला एकदा उकळी आणून ते गवतात घट्ट गुंडाळलं तर आतली उष्णता बाहेर जायला वाटच सापडत नाही. विस्तव विझतो, शिजणं चालू राहतं. परीक्षेत मास्तरांनी त्यावर उत्तर लिहिलं होतं आणि पैकीच्या पैकी गुणही मिळवले होते. करून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

खोकं रहमतबीच्या घरात नेऊन त्याच्या तळाला त्यांनी कडब्याची बारीक कुट्टी चार बोटं दाबून बसवली. बाजू कापसानं भरायच्या होत्या. रहमतबीनं हे ऐकलं आणि हातानं खाटेखालची जुनी गादी दाखवली.

“ती उसवा. ह्यांच्या हातचा पिंजलेला कापूस हाय. ऊब सोडत न्हाई.”

“ही गादी कशी उसवू, आपा? अजीजभाईंची—”

“तर मग काय कबरीत नेऊ? उसवा.”

मास्तरांनी टाके एकेक करून काढले. कापूस बाहेर आला तो वीस वर्षांनीही मोकळा, हलका, जणू काल पिंजलेला. त्यात हात घातला आणि थोड्या वेळानं त्यांना जाणवलं, की हात कोमट होतो आहे. कापूस तापवत नाही, आपलीच उष्णता आपल्याला परत देतो, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी हात लगेच बाहेर काढला नाही.

मंगळवारी सकाळी ते अंडी आणायला गंज गोलाईच्या बाजारात गेले. उभ्या आयुष्यात त्यांनी अंडं विकत घेतलं नव्हतं. चार अंडी कागदात, कागद पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून ते निघाले, तर कापड दुकानाच्या पायरीवरून चंद्रप्पांनी हाक मारली.

“काय मास्तर! पिशवी लई जपून धरलीया. सोनं गावलं का काय?”

“काचेचं सामान आहे.”

“मग बसा की, घोटभर चहा घ्या.”

“फुटेल,” म्हणून मास्तर चालू लागले. खोटं बोलल्याचं त्यांना वाईट वाटलं, मग पूर्ण खोटं नाही असंही वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी एक अंडं तळहातावर घेऊन उजेडाकडे धरलं. कुठे सांधा नाही. कानसीची खूण नाही. दोन्ही टोकं वेगवेगळ्या गोलाईची, आणि एक गोलाई कुठे संपते व दुसरी कुठे सुरू होते ते बोटालाही कळत नव्हतं. जन्मभर सांधे जुळवलेला माणूस त्या बिनसांध्याच्या वस्तूकडे बघतच राहिला. हे त्यांच्या वर्गातल्या कुणालाच जमलं नसतं, त्यांना स्वतःलासुद्धा नाही.

रहमतबी खाटेवरून सांगत गेली, मास्तर करत गेले. कांदा उभा चिरून परतला, लसूण, काळा मसाला, शेंगदाण्याचं कूट घातलं. बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि वर धुतलेली अंडी सालासकट. पाणी बेताचं. भांडं रहमतबीच्याच घरचं, अॅल्युमिनियमचं. खळखळ उकळी आली तशी झाकण लावून ते पेटीत ठेवलं, वरून कापसाची उशी दाबली आणि खोक्याची फळी बसवली.

“आता चार तास,” मास्तर म्हणाले.

“आता हात लावू नका,” रहमतबी म्हणाली.

पण मास्तरांकडे प्रयोगशाळेतला थर्मामीटर होता. निवृत्तीच्या वेळी मुलांनी भेट दिलेला. आत उष्णता किती राहिली हे कळायला नको का? अर्ध्या तासानं त्यांनी फळी काढली, उशी उचलली, झाकण किलकिलं करून नळी बुडवली: ब्याऐंशी. पुन्हा सगळं बंद. अर्ध्या तासानं पुन्हा उघडलं, एकोणसत्तर. मग छप्पन्न. आकडे इतके कसे उतरतात याचा शोध घ्यायला त्यांनी आणखी तीनदा उघडून पाहिलं.

चार तासांनी रस्सा कोमट, बटाटा करकरीत आणि अंड्याचं पांढरं नुसतं थलथलीत.

रहमतबीनं बोटानं बटाटा दाबला आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली. “पोर झोपलं का झोपलं म्हणून दर घडीला त्याच्या अंगावरची गोधडी वढली, तर झोपंल का ते?”

मास्तर ओशाळले. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून एवढी पेटी बांधली आणि तिच्यातून उष्णता नेली ती त्यांनीच. पहिल्या वर्षाचा पोरगासुद्धा अशी चूक करता ना. त्यांनी थर्मामीटर पुसून डबीत घातला आणि डबी फळीवर, हात सहज पोचणार नाही अशा उंचीला ठेवली.

बुधवारी त्यांनी एक वीटही स्टोव्हवर तापवून भांड्याखाली ठेवली, पेटी बंद केली आणि स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन बसले. चार तास बसून राहणं हे त्यांच्या आयुष्यातल्या अवघड कामांपैकी एक होतं. मनात शंका, हाताला चाळा. एकदा उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, परत आले.

दुपारी फळी काढली तेव्हा आधी वास वर आला. कांद्याचा, मसाल्याचा, मंद, खोल, जणू भांड्यानं इतका वेळ श्वास रोखून धरला होता. झाकणाला हात लावला तर चटका बसला. ना धूर, ना जाळ, ना राख. टाइपरायटरच्या खोक्यात, मेलेल्या माणसानं पिंजलेल्या कापसात बटाटा लोण्यासारखा झाला होता. फोडीचा आकार शाबूत, पण पळीनं नुसतं टेकलं तरी दुभंगत होता. अंड्याचं साल सोललं तर आत बदामी छटा आलेली. मास्तर पेटीपुढे गुडघ्यांवर बसले होते, ते उठायचं विसरले. याच्यावर आपण पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, पण तेव्हा आपल्याला यातलं काहीही माहीत नव्हतं, असं त्यांना वाटलं.

त्यांनी ताट वाढून खाटेपाशी नेलं. रहमतबी उशीला टेकून बसली. भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले.

“अम्मीसारखं झालंय, मास्तर.”

मास्तरांचा ऊर भरून आला. पण दुसरा घास तिनं घेतला नाही. ताट हळूच बाजूला सारलं.

“झाकून ठेवा. रियाज खाईल.”

“आपा, अम्मीसारखं झालंय म्हणालात ना?”

“झालंय की. हौ. पण जात न्हाई.” मग तिनं विचारलं, “तुमी जेवला?”

“मी अंड्याचं कुठं खातो, आपा. घरी जाऊन पिठलं करीन.”

“हां,” ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मास्तर घरी आले आणि पिठल्याला बसलेच नाहीत. रसायन बिघडलं नव्हतं, उष्णता बिघडली नव्हती. मग कुठे चुकलं? मध्ये एकच दिवस राहिला होता. त्यांनी सवयीप्रमाणे पहिल्यापासून एकेक पायरी आठवायला घेतली आणि आठवता आठवता अकरा वर्षं मागे गेले.

कमलम्मा शेवटचे तीन महिने अंथरुणाला खिळली होती. मास्तर शिकवायला जात, आणि दुपारी रहमतबी भिंतीपलीकडून येत असे. कमलम्माला त्या दिवसांत दुसऱ्या कुणाच्या हातचं जात नव्हतं, रहमतबीचे मऊ बटाटे तेवढे जात. एकदा ते लवकर घरी आले तेव्हा दोघी समोरासमोर बसून जेवत होत्या. कमलम्माच्या ताटात जेवढे बटाटे, तेवढेच रहमतबीच्या. रहमतबी मुद्दाम हळू खात होती आणि म्हणत होती, “तू घेतल्याबगर मी घेत न्हाई, बग.”

ताटं दोन होती. एवढी साधी गोष्ट, आणि ती त्यांच्या ध्यानात यायला अकरा वर्षं आणि चार अंडी लागली.

पण त्याच वेळी दुसरा प्रश्न उभा राहिला. कमलम्मा सोवळ्याओवळ्यात कडक. मटण शिजलेल्या भांड्यातलं तिनं पाणीसुद्धा घेतलं नसतं. मग रहमतबीच्या घरचं ती तीन महिने जेवली कशी?

गुरुवारी सकाळी त्यांनी तेच विचारलं. रहमतबीनं कोपऱ्यातल्या फडताळाकडे मान केली. “सगळ्यात वर. फडक्यात बांधलंय.”

मास्तर स्टुलावर चढले. फडक्याची गाठ कुणी मुद्दाम सोडल्याखेरीज सुटू नये अशी होती. आत पितळेचं लहानसं पातेलं निघालं. आतून कल्हई केलेलं, बाहेरून राखेनं घासून ठेवलेलं. वर्षानुवर्षं बांधून ठेवलेलं असूनही काठावर कुठे हिरवटपणा नव्हता.

“कमलचं भांडं,” रहमतबी म्हणाली. “तिच्यासाठीच घेतलं होतं. ह्याच्यात आलूबिगर कायबी शिजलं न्हाई. घासायचा चोथाबी वेगळा. ती गेली, मग कशात वापरू? बांधून ठिवलं. दर बकरीदच्या आधी काढून घासते, परत बांधते. घरात मटण शिजतंय, चुकून कुणी हात लावू नये.”

“कमलला माहीत होतं?”

“तिनंच पहिल्या दिशी विचारलं, ‘आपा, भांडं?’ मी म्हनलं, तुजं हाय. मग तिनं परत विचारलं न्हाई.”

मास्तर पातेलं दोन्ही हातांत धरून स्टुलावर तसेच उभे राहिले. अकरा बकरीदी. त्यांना त्यातली एकही कळली नव्हती. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत, आणि पलीकडे कुणी एक भांडं त्यांच्या घरच्या माणसासाठी, ते माणूस उरलं नसताना, स्वच्छ ठेवत होतं. भांड्याला वजन फारसं नव्हतं, पण खाली उतरताना त्यांनी फडताळाला हात टेकला.

“मास्तर, पडाल.”

“नाही पडत.” मग ते म्हणाले, “आज बटाटे ह्याच्यात करायचे. अंडी वेगळ्या डब्यात. आणि मी इथंच जेवणार.”

रहमतबीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. “पेटी तर येकच हाय. अंडं आन् आलू येका पेटीत चालंल तुमाला?”

प्रश्न खरा होता. मास्तरांनी बाहेर जाऊन खोक्याच्या उरलेल्या फळीचा एक तुकडा करवतीनं बरोबर मापात कापून आणला. पेटीच्या मध्ये तो उभा बसवला. इतका घट्ट की मध्ये केसही शिरला नसता.

“फळीनं काय होतंय?” रहमतबी हसली.

“काही होत नाही. मला बरं वाटतं.”

“मग ऱ्हाऊ द्या.”

एका बाजूला कमलचं पातेलं, दुसऱ्या बाजूला अंड्यांचा डबा, दोन्ही खळखळ उकळून, खाली तापलेल्या दोन विटा. वर कापूस, वर फळी. तेवढ्यात गल्लीत टँकरचा भोंगा वाजला. तिसऱ्या दिवशीचं पाणी. मास्तरांनी दोन्ही घरच्या घागरी उचलल्या आणि रांगेला जाऊन उभे राहिले. टँकर रियाजचाच होता. दारावर ‘लातूर’ लिहिलेलं, पण खालचं ‘उस्मानाबाद’ उन्हात अजून दिसत होतं.

“काका, अम्मीनं काई खाल्लं?” त्यानं वरूनच विचारलं.

“अजून नाही.”

“उद्या शुक्रवार हाय, काका.”

“मला वार माहीत आहेत,” मास्तर म्हणाले. मग मवाळ होऊन म्हणाले, “पेटी लावून आलोय.”

रांगेत बायकांची भांडणं झाली, एक घागर फुटली, कुणीतरी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मास्तरांना त्यातलं फार काही ऐकू आलं नाही. इकडे उन्हाचा तडाखा, तिकडे एका अंधाऱ्या खोक्यात दोन भांडी एकमेकांच्या शेजारी गुपचूप शिजताहेत, त्यांच्यापाशी कुणी नाही, कुणी असायची गरजही नाही, एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

परत येऊन त्यांनी घागरी ठेवल्या, हातपाय धुतले आणि पेटी खाटेजवळ ओढली.

“तुम्ही उघडा, आपा.”

रहमतबीनं फळी सरकवली, उशी काढली. वाफ वर आली, दोघांच्या चेहऱ्यांवरून गेली. ती बिनविस्तवाच्या त्या वाफेकडे बघतच राहिली. “कसं होतंय हे, मास्तर? आग तर कुठंच न्हाई.”

मास्तरांनी तोंड उघडलं. उष्णतेचं वहन, कापसातली कोंडलेली हवा, सगळं उत्तर जिभेवर होतं. पण ते म्हणाले, “जी आत घातली होती ती तशीच राहिली, आपा. अजीजभाईंच्या कापसानं धरून ठेवली.”

त्यांनी दोन ताटं वाढली. तिच्या ताटात बटाटे, भाकरी आणि सोललेलं अंडं. आपल्या ताटात बटाटे आणि भाकरी. ते खाटेसमोर चटईवर बसले, घास मोडला आणि थांबले.

“खा की,” रहमतबी म्हणाली.

“तुम्ही घेतल्याशिवाय मी घेत नाही.”

रहमतबीचा हात ताटावर थांबला. ती शब्द ओळखत होती. तिनं पदरानं डोळे टिपले, बटाट्याची एक फोड भाकरीवर घेतली आणि खाल्ली. मास्तरांनी खाल्ली. मग दुसरी. तिनं अंड्याचा अर्धा तुकडा घेतला. बाहेर कुणाच्या तरी घागरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

अर्धी भाकरी संपल्यावर रहमतबी म्हणाली, “मीठ कमी हाय.”

“आजच?”

“कालबी कमीच होतं. तुमचं मन मोडंल म्हणून बोलले न्हाई.” तिनं ताट पुढे केलं. “आनखी दोन फोडी वाढा. आन् उद्या कांदा जरा जास्त चिरा, मास्तर, कंजुषी करू नका.”

मास्तरांनी पळी पातेल्यात घातली. तळाला अजून कढत होतं.